एलिहिओची तीन बोटं

फिओर्दालिसाच्या दोरीवरचे कपडे दुपारी दोननंतर वाळत नाहीत, आणि याला जबाबदार तिचा नवरा. शेजारी तीन मजली घर आहे. दोन वाजले की त्याची सावली बरोब्बर हिच्या दोरीवर येऊन बसते ती संध्याकाळपर्यंत हलत नाही. ते घर बांधलं एका पिचरने. अमेरिकेतल्या बेसबॉलच्या मोठ्या लीगमध्ये अकरा वर्षं बॉल टाकून आला आणि आईसाठी बांधलं. हाच पिचर सोळा वर्षांचा असताना एलिहिओने त्याचे तीस बॉल झेलले होते आणि सगळ्या गावासमोर निकाल दिला होता, “या बॉलने कोंबडीसुद्धा दचकायची नाही. पोराला शिवणकाम शिकवा.”

ते घर उभं राहिल्यापासून ओला टॉवेल हातात आला की फिओर्दालिसा म्हणते, “शिवणकाम.” बाकी काही म्हणत नाही. लग्नाला चौतीस वर्षं झालेल्या बाईला तेवढं पुरतं.

एलिहिओ ही गोष्ट लपवत असेल असं वाटत असेल तर ते सोडा. कोपऱ्यावरच्या दुकानात डॉमिनो खेळताना तो स्वतःच ती सांगतो, आणि समोर नवा माणूस असला तर हमखास. “लोकांना आपल्या चुका आठवाव्या लागतात,” म्हणतो, “माझी रोज दोन वाजता अंगणात येते.” वर दुसरीही सांगतो. एका पोराचे बॉल झेलून त्याने छातीठोक सांगितलं होतं की हा तीन वर्षांत न्यूयॉर्कला खेळणार. तो पोरगा आता मैदानाच्या फाटकाशी गाडी लावून चिमी विकतो, पावात खिमा आणि कोबी घालून. “पण चिमी मोठ्या लीगचा आहे,” एलिहिओ म्हणतो. “खाऊन बघा. निम्मं तरी माझं खरं ठरलं.”

तुम्ही म्हणाल, एवढ्यांदा तोंडावर आपटलेल्या माणसाला विचारतं कोण? सगळे विचारतात. बोका दे कान्या हे साखर कारखान्याचं गाव. कारखाना वर्षातून पाच महिने चालतो, उरलेले सात महिने गाव पोरांच्या खांद्यांकडे बघून काढतं. खांद्यात खरा माल किती आणि हवा किती, हे सांगणारा कुणीतरी लागतोच. चुकणारा का असेना. न चुकणारा आणायचा कुठून? अमेरिकन क्लबांची माणसं वेग मोजायच्या बंदुका घेऊन येतात, दहा पोरं उचलून नेतात, त्यातली नऊ परत येतात. त्यांना कुणी ओला टॉवेल दाखवत नाही, एवढाच काय तो फरक.

एलिहिओचं काम म्हटलं तर साधं. हिवाळ्यात गावचा क्लब कारखान्यांच्या लीगमध्ये दर रविवारी खेळतो. सामना सुरू करणारा पिचर पाच-सहा डावांनंतर दमला की रिलीव्हरला आत पाठवतात. रिलीव्हर म्हणजे आग लागल्यावर बोलावलेला माणूस. आत जाण्याआधी त्याला मैदानाच्या कडेच्या कोपऱ्यात हात मोकळा करावा लागतो, आणि समोर कुणीतरी उकिडवं बसून ते बॉल झेलावे लागतात. ते कुणीतरी म्हणजे एलिहिओ. सत्तावीस वर्षं तो त्या कोपऱ्यात उकिडवा बसलेला आहे. सामन्यात एकदाही उतरला नाही. “या क्लबातला सगळ्यात जुना खेळाडू मी,” तो म्हणतो, “फक्त मला खेळताना कुणी बघितलेलं नाही.”

आणि रिलीव्हर ही जात अशी बेभरवशाची की विचारू नका. गेल्या रविवारी ज्याने नऊ बॉलमध्ये तीन जणांना घरी पाठवलं, तोच या रविवारी पहिल्या बॉलला मैदानाबाहेर मार खातो. का, ते त्यालाही माहीत नसतं. म्हणून क्लबचा मॅनेजर पेर्सिओ दर सामन्यात बाकावरून ओरडतो, “कसा आहे?” आणि कोपऱ्यातून एलिहिओ निकाल देतो.

निकाल देतात त्याच्या डाव्या हाताची तीन बोटं. ही प्रथा पडली ती अपघातानेच. पहिल्या वर्षी एका दांडग्याच्या बॉलने त्याचा अंगठा आणि शेजारची दोन बोटं अशी शेकून निघाली की त्याने ग्लोव्ह फेकून ती मैदानाच्या माळ्याच्या बादलीत बुडवली. पोरांनी चेष्टेने आकडे मोजले. नवाला बोटं बाहेर आली. तो दांडगा त्याच महिन्यात अमेरिकेला गेला. झालं. तेव्हापासून नवा पिचर आला की एलिहिओने त्याचे बॉल झेलायचे, ग्लोव्ह काढायचा, तीन बोटं गार पाण्यात बुडवायची, डोळे मिटायचे, आणि गावाने मोजायचं. तीनला बाहेर आली तर पोराने मोटरसायकल चालवावी. सहाला आली तर हिवाळी लीग. नऊ झाले तर आई पासपोर्टच्या फोटोसाठी शर्ट इस्त्रीला काढते.

आता खरी गोम सांगतो. ही तीन बोटं दोन वर्षांपूर्वीच मेली.

कळलं ते असं. एका सकाळी एलिहिओने गॅसवरचं कॉफीचं भांडं बुडाशी धरून उचललं, टेबलापर्यंत आणलं, दोन कप ओतले, आणि कसला तरी जळका वास येतोय म्हणून खिडकीबाहेर बघायला लागला.

“बाहेर काय बघतोस?” फिओर्दालिसा म्हणाली. “तुझाच येतोय.”

सान पेद्रोच्या डॉक्टरने बोटांना सुई टोचून बघितली, दोनदा, मग जरा जोरात. एलिहिओ त्याला विचारत होता, कधी सुरू करताय? डॉक्टर म्हणाला, पंचवीस वर्षं मार खाऊन नस गेली आहे, आता ती परत येणार नाही आणि यापुढे बॉल झेलायचा नाही. एलिहिओने मान डोलावली आणि रविवारी जाऊन बॉल झेलले.

बरं, बोटांना काही कळत नाही तर निकाल कसा द्यायचा? तसाच. बादलीत बुडवायची, डोळे मिटायचे, आणि मनाला वाटेल त्या आकड्याला बाहेर काढायची. चक्क थापा. आणि मजा बघा, दोन वर्षांत त्याने सात रिलीव्हरबद्दल सांगितलं त्यातल्या सहाजणांचं खरं निघालं. बोटं धडधाकट होती तेव्हा निम्मंही खरं निघत नव्हतं. गावात त्याची पत वाढली. शेजारच्या गावचे लोक पोरं घेऊन यायला लागले. एलिहिओला रात्रंदिवस लाज वाटायची, आणि मधूनच हसूही यायचं.

“पेर्सिओला सांगून टाक,” फिओर्दालिसा म्हणायची.

“काय सांगू?”

“की हात मेलाय, आणि गाव त्याला नवस बोलतंय.”

“हंगाम संपू दे.”

असे दोन हंगाम संपले.

यंदा मात्र घोडं अडलं. क्लबमध्ये रिलीव्हरची एकच जागा रिकामी होती आणि तिच्यासाठी दोघे आले. एक विल्कर, एकोणीस वर्षांचा, बंदुकीवर ताशी सत्त्याण्णव मैल दाखवणारा, मानेवर नव्या गोंदणाची पट्टी. दुसरा रादामेस.

रादामेसचं नाव ऐकलं आणि एलिहिओने डावा हात खिशात घातला. रादामेस सतरा वर्षांचा असताना याच बोटांनी त्याला मोजलं होतं. जिवंत बोटांनी. चारला बाहेर आली. जो उस्ताद पोराला तयार करत होता, त्याने दुसऱ्या दिवशी त्याला घरी पाठवून दिलं. पुढे दोन वर्षांनी दुसऱ्या कुणीतरी त्याला हाताशी धरलं, तोवर उशीर झाला होता. अमेरिकेत छोट्या गावांतल्या संघांमध्ये आठ वर्षं हिंडला, कोपराचं ऑपरेशन करून घेतलं, परत आला. आता एकतीसचा आहे, मोटरसायकलवर सवाऱ्या नेतो. एलिहिओ रस्त्यात दिसला की गाडी थांबवतो आणि म्हणतो, “बसा काका, सोडतो.” कधी एका शब्दाने त्या चारचा उल्लेख नाही. एखादी सणसणीत शिवी दिली असती तर एलिहिओला बरं वाटलं असतं. मागे बसून घरी जाताना तो रस्ताभर बडबड करायचा, गप्प बसायची भीती वाटायची म्हणून.

डिसेंबरात मेक्सिकोच्या क्लबांची माणसं येतात. त्यांना पोरं नको असतात, तयार रिलीव्हर हवे असतात, आणि ते फक्त खेळणाऱ्यांनाच बघतात, बाकावरच्यांना किंवा मोटरसायकलवरच्यांना नाही. रादामेसने दुकानात सगळ्यांदेखत सांगितलं होतं, यंदा जागा मिळाली तर मिळाली, नाहीतर ग्लोव्ह खिळ्याला. त्याला सहा वर्षांची मुलगी आहे. तिने बापाला कधी खेळताना बघितलेलं नाही. तिला वाटतं, बाप पिचर होता ही थाप आहे.

चाचणी शनिवारी सकाळी होती. अर्धं गाव कुंपणाला टेकून उभं. चाचणीनंतर सगळ्यांना सांकोचो खाऊ घालायची रीत, कोंबडी आणि कंदमुळांचा दाट रस्सा, आणि तो रांधायचं काम फिओर्दालिसाकडे. तिने कोपऱ्यापलीकडे तीन दगडांवर पातेलं चढवलं होतं. शेजारी सहा कोंबड्या पाय बांधून पडल्या होत्या आणि जे व्हायचं ते समजून चुकल्यासारख्या गप्प होत्या.

पहिला विल्कर. छत्तीस बॉल. बंदूकवाला आकडे ओरडत होता, शहाण्णव, सत्त्याण्णव, अठ्ठ्याण्णव, आणि कुंपणावरून शिट्ट्या येत होत्या. बॉल येत होता खरा, पण कुठे येत होता ते देवाला माहीत. एक डोक्यावरून गेला, एक डावीकडे मातीत, एक थेट भिंतीवर. प्रत्येक वेळी एलिहिओला गुडघ्यावर हात ठेवून उठायचं, वाकायचं, परत उकिडवं बसायचं. एकोणीस वेळा उठला. साठीला आलेले गुडघे, जुन्या फाटकासारखे वाजत होते. शेवटी त्याने ग्लोव्ह काढला, बोटं बादलीत बुडवली, गाव मोजायला लागलं, आणि पाचाला त्याने बोटं बाहेर काढली. का पाचच, ते त्यालाही कळलं नाही. गावाला वाईट वाटलं. विल्करने मातीला लाथ मारली.

मग रादामेस आला. टोपी काढून म्हणाला, “काका, तुम्ही बसा. उठायची गरज नाही.”

एलिहिओला वाटलं, पोरगा अदबीने बोलतोय.

बंदूकवाला ओरडला अठ्ठ्याऐंशी. मग एकोणनव्वद. मग परत अठ्ठ्याऐंशी. पुढे त्याने ओरडणं सोडून दिलं आणि लोक पातेल्यात डोकावायला गेले. एलिहिओ बॉल झेलत होता. पंचविसाव्या की सव्विसाव्या बॉलला त्याच्या लक्षात आलं की आपल्या डाव्या पायाला मुंग्या आल्या आहेत. मुंग्या का आल्या? कारण तो हललाच नव्हता. ग्लोव्ह गुडघ्यापाशी धरला की बॉल गुडघ्यापाशी. चार बोटं बाहेर धरला की चार बोटं बाहेर. गंमत म्हणून त्याने ग्लोव्ह जमिनीला टेकवला, तर बॉल तिथे. पोस्टमन दाराच्या फटीतून पत्र सरकवतो, तसा.

आणि मग एलिहिओ सेवेरिनोला आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी कळलं. दोन वर्षं बोटं मेलेली असताना निकाल बरोबर का येत होते, ते कळलं. बोटं गप्प होती, बोलत होते गुडघे. ज्याने उठवलं, उठवून उठवून जीव काढला, त्याच्या वेळी चिडून बोटं लवकर बाहेर यायची. ज्याने शांतपणे बसू दिलं, त्याच्या वेळी बादलीतही निवांत वाटायचं. बॉल जिथे टाकायचा तिथे टाकणारा माणूस म्हणजेच तर भरवशाचा रिलीव्हर. एवढी साधी गोष्ट सत्तावीस वर्षं डोक्यात शिरली नाही, ती गुडघ्यांना ठाऊक होती.

पण हे सांगायचं कुणाला? गावाचा विश्वास बादलीवर. गुडघ्यांचं नाव काढलं तर कुंपणावरचे लोक पोट धरून हसतील. शेवटचा बॉल झेलताना त्याने ठरवून टाकलं, नऊ. पूर्ण नऊ मोजू द्यायचे. आजवर निकाल काय द्यायचा ते त्याला कधीच नक्की माहीत नसायचं आणि तो छाती पुढे काढून द्यायचा. आज नक्की माहीत होतं, आणि तो द्यायला नाटक करावं लागणार होतं.

तो उठला, पायाच्या मुंग्या झटकत लंगडत गेला, ग्लोव्ह काढला, बादलीसमोर बसला आणि बोटं बुडवून डोळे मिटले. लोक पातेल्याकडून परत आले. मोजायला लागले. एक, दोन, तीन. चार झाले, बोटं आत राहिली. पाच. सहा मोजताना आवाज का कोण जाणे कमी झाले. सातला फक्त दोन-तीन जण मोजत होते.

“एलिहिओ,” फिओर्दालिसाचा आवाज आला, अगदी शांत. “ती कोंबड्यांची बादली आहे.”

त्याने डोळे उघडले. बादलीतून वाफ येत होती. रंगाच्या रिकाम्या डब्याचीच पांढरी बादली, त्याच्या बादलीची जुळी बहीण, फिओर्दालिसाने पिसं काढायला उकळतं पाणी ओतून ठेवलेली. पाण्यावर एक तपकिरी पीस तरंगत होतं. त्याने बोटं बाहेर काढली. ती उकडलेल्या कोळंबीच्या रंगाची झाली होती आणि त्याच्या चेहऱ्यावरची रेष हलली नव्हती. यालाच लोक पुढे कित्येक दिवस हसले.

पेर्सिओ खुर्चीवरून उठून आला. त्याने एलिहिओचं मनगट धरलं, बोटं उलटीसुलटी करून बघितली.

“दुखतंय?”

“नाही.”

“कधीपासून?”

“दोन वर्षं झाली.”

“मग दोन वर्षं मला कशाच्या जोरावर सांगत होतास?”

“तेव्हा मलाही माहीत नव्हतं,” एलिहिओ म्हणाला. “आत्ता कळलं. गुडघ्यांच्या.”

जे हसू लागले ते थांबेचनात. एकजण कुंपणावरून खाली पडला. एलिहिओ समजावून सांगायला लागला, विल्करने मला एकोणीस वेळा उठवलं आणि या पोराने एकदाही नाही, एकदाही नाही पेर्सिओ, पण त्या गदारोळात त्याचं वाक्य कुणाच्या कानापर्यंत गेलं असेल असं वाटत नाही. पेर्सिओ एकटा हसत नव्हता.

“घरी जा, एलिहिओ,” तो म्हणाला. “हाताला काहीतरी लाव.”

जाताना एलिहिओने मागे वळून बघितलं. रादामेस आपले बॉल एकेक करून पिशवीत भरत होता.

संध्याकाळ व्हायच्या आत गावाने एलिहिओचं नाव सांकोचो ठेवलं. दुकानात गेलं की, “काय सांकोचो, आज काय शिजतंय?” आमच्या गावात टोपणनाव पडायला अर्धा दिवस लागतो आणि ते पुसायला मरावं लागतं. थडग्यावरसुद्धा तेच लिहितात. एलिहिओ सगळ्यांबरोबर हसला. त्याने नवी गोष्टही बांधली. “मी पिचर नाही ओळखू शकलो,” म्हणायचा, “पण रस्सा किती शिजला ते बोट घालून सांगू शकतो. कितीही वेळ.” लोक टेबलावर हात आपटायचे. घरी आला की मात्र तो अंगणात त्या सावलीत बसून राहायचा, आणि फिओर्दालिसा ओला टॉवेल हातात असूनही काही म्हणायची नाही.

सोमवारी रादामेस आला. मोटरसायकल कुंपणाला लावली, खिशातून चाकू काढला, आणलेली कोरफडीची पात चिरली आणि एलिहिओच्या बोटांवर गर लावायला बसला. फोड आले होते. लावताना त्याने दोनदा विचारलं, दुखतं का, आणि मग स्वतःच ओशाळला.

“काका, एक विचारू? मी सतराचा होतो तेव्हा बोटं जिवंत होती ना?”

“होती.”

“तेव्हा चारला काढलीत.”

“हो.”

“म्हणजे जिवंत असताना चुकली, आणि मेल्यावर बरोबर बोलायला लागली.”

 

“तेव्हाही तू मला उठवलं नव्हतंस, रादामेस,” एलिहिओ म्हणाला. “मी शनिवारपासून तेच आठवतोय. तीस बॉल झेलले, एकदासुद्धा उठलो नाही. पण तेव्हा माझे गुडघे धड होते. दुखत नसेल त्याच्याकडे कुणाचं लक्ष जातं? बोट किती भाजलं तेवढंच मी बघितलं. तुझी दोन वर्षं माझ्यामुळे गेली. आणि आता परवा तुला वर काढायला निघालो, तर तुझं हसं करून ठेवलं. माझी मला फार लाज वाटते.”

रादामेस कोरफड लावत राहिला.  पोराला राग आला असेल, असं एलिहिओला वाटलं, आणि यायलाच हवा होता.

“हसं तुमचं झालं,” रादामेस शेवटी म्हणाला. “माझ्याकडे कुणी बघतच नव्हतं. तेच तर दुखणं आहे.” मग चाकू पुसून उभा राहिला. “मुलीला म्हणालो होतो, रविवारी मैदानावर नेईन. आता काय सांगू ते सुचत नाही.”

यादी शुक्रवारी दुकानाच्या दारावर लागते. एलिहिओ गेला नाही. त्याने फिओर्दालिसाला मीठ आणायला पाठवलं. घरात दोन पुडे मीठ होतं हे दोघांनाही माहीत होतं. ती गेली, आणि अर्ध्या तासाने मीठ न घेताच आली.

“तुझं नाव काढलंय,” ती दारातूनच म्हणाली. “कोपऱ्यात झेलायला पेर्सिओने भाच्याला घेतलंय.”

“ते होणारच होतं. रिलीव्हर कोण?”

“आधी बस.”

“बसलेलाच आहे. कोण?”

“रादामेस,” ती म्हणाली. आणि तिने नवऱ्याच्या डोक्यावर हात ठेवला, जो तिने बऱ्याच वर्षांत ठेवला नव्हता.

शनिवारी पेर्सिओ स्वतः आला. कॉफी घेतली, साखर कमी आहे म्हणाला, आणि मग मुद्द्यावर आला. “तुझ्या गुडघ्यांवर विश्वास ठेवून मी त्याला घेतलेला नाही, सांकोचो. उगाच गावभर सांगत फिरू नकोस. मी घरी जाऊन विचार केला, तो छत्तीस बॉल टाकत होता तेव्हा मी काय बघत होतो? बंदूक. आणि मग तुझी बादली. तुला बघितलंच नव्हतं. पण कान तर उघडे होते. तू उठताना जो आवाज काढतोस, वासरू हंबरावं तसा, तो विल्करच्या वेळी मला एकोणीस वेळा ऐकू आला. रादामेसच्या वेळी एकदाही नाही.” त्याने कप खाली ठेवला. “पण तुला झेलू देणार नाही. एखाद्या दिवशी बोट तुटून मातीत पडेल आणि तू निकाल देत बसशील.”

“मग रविवारी मी काय करू?” एलिहिओने विचारलं. सत्तावीस वर्षांत हा प्रश्न त्याला पडला नव्हता.

“बादली तुझीच आहे,” पेर्सिओ म्हणाला. “घेऊन ये. उलटी घाल आणि बस.”

म्हणून रविवारी एलिहिओ कोपऱ्यात उलट्या बादलीवर बसला होता. ती कोंबड्यांचीच होती की त्याची, ते त्याला ओळखू आलं नाही. समोर पेर्सिओचा भाचा नव्या कोऱ्या ग्लोव्हसह उकिडवा बसला होता, चोवीस वर्षांचा, गुडघे लोण्याचे. आठव्या डावात आपले एका धावेने पुढे, समोरच्यांचे दोन गडी धावेसाठी टपून बेसच्या पाटांवर येऊन उभे, आणि आपला पिचर घामाने निथळलेला. रादामेस कोपऱ्यात हात मोकळा करत होता. कुंपणापलीकडे पहिल्या रांगेत फिओर्दालिसा बसली होती, आणि तिच्या मांडीवर रादामेसची मुलगी, केसांना चार रंगांच्या क्लिपा.

बाकावरून पेर्सिओ ओरडला, “कसा आहे?”

भाच्याने तोंड उघडलं. पण कोपऱ्यातल्या सगळ्यांच्या माना बादलीकडे वळल्या होत्या, आणि पेर्सिओचीही. एलिहिओने रादामेसकडे बघितलं नाही. त्याने भाच्याच्या गुडघ्यांकडे बघितलं.

“बसलाय,” त्याने ओरडून सांगितलं.

“अजून?”

“अजून बसलाय.”

पेर्सिओने हात वर केला. रादामेसने टोपी सारखी केली, बॉल ग्लोव्हमध्ये दोनदा आपटला आणि मैदानाकडे निघाला. बादलीपाशी आल्यावर थांबला.

“बसा काका,” तो म्हणाला. “उठायची गरज नाही.”

एलिहिओने भाजलेला हात छातीशी धरला आणि दुसऱ्या हाताने कुंपण पकडलं. गुडघे असे वाजले की ती मुलगी दचकून बघायला लागली.

“बस रे म्हाताऱ्या,” फिओर्दालिसा मागून म्हणाली. “तुला कुणी उठवलेलं नाही.”

तो बसला नाही. रादामेस मैदानाच्या मधल्या, पिचरच्या उंचवट्यावर पोचेपर्यंत तो उभाच होता.